जवायाची टोपी

वच्छलाबाईच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली ती एकोणीसशे शहाऐंशीच्या दिवाळीनंतरच्या दुसऱ्या सोमवारी, दुपारी सव्वातीन वाजता, पांढुर्ण्यातल्या एका आरामशीनवर. वेळ मी अंदाजानं लिहीत नाही. चहा आला होता. मशीन बंद करायची की आणखी चार फळ्या कापायच्या, एवढंच ठरायचं होतं. चार फळ्या कापायच्या ठरलं.

संध्याकाळच्या आत शेठच्या मुनीमानं कागद तयार केला. ‘सदर बाईने यंत्रावरील संरक्षक झाकण स्वतःच्या हाताने उचलले व निष्काळजीपणामुळे अपघात ओढवून घेतला.’ खाली सहा कामगारांचे अंगठे. वच्छलाबाई तेव्हा नागपूरच्या दवाखान्यात शुद्धीवर नव्हती. तिचाही अंगठा शाबूत होता, पण तिला कोणी विचारलं नाही.

सातव्या माणसापुढे कागद आला तेव्हा त्यानं तो पूर्ण वाचला, घडी केली आणि मुनीमाच्या खिशात परत ठेवला. “याच्यात एक गलती हाय,” तो म्हणाला. मुनीमानं विचारलं, “कोणती?” “सारीच.”

मी लिहिते आहे ते या सातव्या माणसाविषयी. नाव लिहिणार नाही. त्यांनीच बजावलंय, “माह्यं नाव नको टाकू पोरी. लोक नाव वाचतात अन् मशीन इसरतात.” आम्ही सगळे त्यांना मिस्त्री म्हणायचो, इथंही तेच पुरे.

मिस्त्री काटकुळे होते. पन्नाशी उलटलेली, आणि भुवयांवर बारा महिने भुसा. समोरचा रामराम म्हणो की जयभीम, मिस्त्री आधी दोन्ही पंजे उघडून दाखवत, “दहा हायेत,” म्हणत आणि मगच उत्तर देत. नवख्या माणसाला वाटे, वेडा आहे. आरामशीनवरच्या माणसाला लगेच कळे की टोमणा आहे. कारण आमच्याकडच्या आरामशीनींवर एक रीत होती, लाज वाटावी अशी रीत. ज्याचं एखादं बोट गेलं, तो पक्का मिस्त्री. ज्याची सगळी शाबूत, तो कच्चा. तीस वर्षं लाकूड कापून दहा बोटं राखणारा हा माणूस त्या हिशेबानं अख्ख्या तालुक्यातला सगळ्यात कच्चा होता, आणि तो मान त्यांनी कधी कोणाला घेऊ दिला नाही.

त्याच मशीनवर एक वस्ताद होता. झपाट्याच्या हाताचा, डाव्या पंजाची दोन बोटं गेलेली. तो चहाच्या टपरीवर सगळ्यांदेखत विचारायचा, “काय कच्चे मिस्त्री, कवा पक्के होता?”

“तुह्यी राह्यलेली आठ मोजून होऊ दे, मंग होतो.”

“अबे, मशीनले देल्याशिवाय मशीन देत नाई.”

“देतो ना. लाकूड देतो. तिनं लाकूडच मांगलं होतं. बोट तू आपल्या मनानं देल्लं.”

लोक हसायचे. वस्तादही हसायचा. मी त्या टपरीवर आमच्या मजूर संघटनेची पत्रकं वाटत फिरायचे आणि मला हसू यायचं नाही. तेव्हा वाटायचं, हा विनोदाचा विषय आहे का? पुढं कळलं की त्या टपरीवर बोटांबद्दल एवढं तरी बोलणारा हा एकच माणूस होता.

अंगठी नाही, घड्याळ नाही, लांब बाही नाही. राखीच्या दिवशी सौंसरहून बहीण यायची. तिनं बांधलेली राखी मिस्त्री कामावर येताच मनगटावरून सोडत आणि मशीनच्या मेन स्विचला बांधत. “माह्यं रक्षन तिथूनच होते,” म्हणत. बहिणीला हे कळलं तेव्हा ती चिडली. दुसऱ्या वर्षी तिनं दोन राख्या आणल्या, एक भावाला, एक स्विचला.

त्यांच्या पुतणीला रामाकोन्याच्या एका आरामशीनवरल्या मुलाचं स्थळ आलं. पाहुणे बसले, पोहे झाले, आणि मिस्त्रींनी मुलाला हात पुढं करायला सांगितले. एक करंगळी अर्धी होती. मुलाची आई घाबरली. मिस्त्री म्हणाले, “पोरगं चांगलं हाय. मालक खराब हाय. आधी मालक बदल बाप्पा, मंग तारीख काढू.” मुलानं खरंच दोन महिन्यांत गावातल्याच दुसऱ्या मालकाची मशीन धरली. लग्न झालं. जेवताना मिस्त्रींनी त्याची बोटं पुन्हा मोजली.

आता टोपी. ज्यांनी आरामशीन आतून पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. लोखंडी टेबलाच्या फटीतून अर्धी वर आलेली, दात असलेली पोलादी चकती, हा गोल आरा. एक माणूस पुढून फळी ढकलतो, दुसरा मागून कापलेली पट्टी ओढून घेतो. संत्र्याच्या पेट्या लागतात त्या याच पट्ट्यांच्या. मागून ओढायला बहुतेक बाया असतात, कारण ते ‘हलकं काम’ समजलं जातं. त्या फिरत्या दातांवर एक पत्र्याचं झाकण बसवता येतं. फळी आली की वर उचललं जाणारं, फळी गेली की आपोआप खाली येणारं. कायद्यात त्याला भलं मोठं नाव आहे. मिस्त्री त्याला जवायाची टोपी म्हणत.

“आरा मनजे जवाई हाय,” त्यांनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. “घरात घ्या, जेवू घाला, मान द्या. पन भरोसा ठेवू नोका. अन् मानपानात टोपी राह्यली का जवाई रुसते. तुमच्याकडं जवाई रुसला तर काय मांगते?”

“घड्याळ. सायकल.”

“हा जवाई हात मांगते.”

आमच्याकडं जावयाला टोपी दिल्याशिवाय आहेर पुरा होत नाही. मिस्त्रींनी तेलाच्या पिंपाचा पत्रा कापून, सायकलच्या ब्रेकची स्प्रिंग लावून टोपी बनवली आणि पहिल्यांदा बसवली तेव्हा आऱ्याला रीतसर कुंकू लावलं, अक्षता टाकल्या. आऱ्याशी ते कधी ‘अरे’ करून बोलले नाहीत. “घ्या जवाईबापू, सालई हाय, नरम हाय,” असं म्हणत फळी ढकलायचे, आणि तीही हातानं नाही, बाभळीच्या काठीनं.

टोपीविरुद्ध लोक काय बोलत तेही लिहिते, लपवत नाही. शेठ म्हणे, काम मंदावतं. वस्ताद म्हणे, रेघ दिसत नाही, आडवीतिडवी फळी जाते. दुसरे मजूर म्हणत, आपण पेटीमागं कमावतो, टोपी आपल्याच पोटावर येते. आणि सगळ्यात चलाख बोलणं शेठचंच: “मजुराच्या हुन्नरावर भरोसा नाही का तुमचा? टोपी लावणं म्हणजे कारागिराचा अपमान आहे.” वा! ज्याच्या हुन्नराला एरवी कोणी विचारत नाही, त्याचा मान टोपीच्या वेळी बरा आठवतो. मिस्त्री एवढंच म्हणाले, “भरोसा मजुरावर हाय शेठजी. जवायावर नाई.”

मी तेव्हा बावीस वर्षांची होते आणि मला वाटायचं, चांगलं पत्रक काढलं की जग बदलतं. रात्रंदिवस ‘यंत्रसुरक्षा’, ‘संरक्षक उपकरण’, ‘भांडवली अनास्था’. मिस्त्री माझं पत्रक हातात धरून विचारत, “हे कोन वाचन वं? मशीन?” ते म्हणाले, लोक जे बोलतात ते लिही. टोपी म्हणतात, तर टोपी लिही. मी लिहिलं. मोठ्या अक्षरांत मथळा घातला: ‘शेठ टोपी घालत नाही!’ बाजारात, स्टेशनाबाहेर, संत्र्याच्या मंडीत भिंतीभिंतीवर चिकटवलं.

दुसऱ्या दिवशी शेठनं मला बोलावून पेढा दिला.

अख्ख्या पांढुर्ण्यानं ते पत्रक वाचलं होतं आणि अख्ख्या पांढुर्ण्याला एकच अर्थ कळला होता: शेठ कोणाला फसवत नाही. शेठनं ते गादीमागच्या भिंतीवर लावलं. गिऱ्हाईक आलं की दाखवायचा, “पाहा, हे मोर्चेवाले लोकसुद्धा मानतात.” मी रडायच्या बेतात मिस्त्रींकडं गेले. ते इतके हसले की भुवयांवरचा भुसा खाली पडला. मग म्हणाले, “बरं झालं. सारं गाव टोपी टोपी करून राहिलं. आता फक्त डोकं बदलाचं बाकी हाय.”

हसून झालं. आता जे सांगायचं ते हसण्याचं नाही.

त्या वर्षी संत्रा भरपूर आला. पेट्यांची घाई सुरू झाली. दसऱ्याला मिस्त्रींनी नेहमीसारखी हत्यारांची पूजा केली, टोपीला कुंकू लावलं, वर तांदळाचे दाणे चिकटवले. दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी शेठनं त्यांना गोल आऱ्यावरून काढून दारं-चौकटींच्या मोठ्या आऱ्यावर धाडलं आणि गोल आरा वस्तादच्या हाती दिला. वस्तादनं पहिलं काम केलं ते टोपी काढून भिंतीवरच्या खिळ्याला अडकवण्याचं. मिस्त्री भांडले. त्या दिवशी भांडले, दुसऱ्या दिवशी भांडले. तिसऱ्या दिवशी शेठ म्हणाला, संत्रा सडला तर शेतकऱ्याला तोंड तू दाखवशील का? मिस्त्री गप्प झाले.

हे मला त्यांनीच सांगितलं. “दोन दिवसाचं मी कोनाले सांगत नाई. तिसऱ्या दिवशी चूप बसलो, त्याचं सांगतो. थो दिवस माह्या खात्यात हाय.” वच्छलाबाई दसऱ्यानंतर त्यांच्याच शिफारशीनं त्या मशीनवर लागली होती, हेही मला तेव्हाच कळलं.

बाई नागपूरहून परत आली तेव्हा तिच्या घरी आम्ही दोघं गेलो. हाताला मोठं बांधलेलं. मुनीमाच्या कागदात काय लिहिलंय ते मिस्त्रींनी तिला सांगितलं. ती म्हणाली, “मी टोपी उचलली मनतात? मी त्या मशीनवर टोपी पाह्यलीच नाई. बोटं गेली ते गेली. आता माह्यं नाव बी कापाले निंगाले काय?” मग मिस्त्रींकडं पाहून म्हणाली, “भाऊ, मले दुसरं काई नोको. माह्यी गलती नव्हती, एवढं सरकारी कागदावर लिखून आना.”

हीच तिची मागणी होती. ऐकायला लहान वाटते. लिहून आणा म्हणजे कळेल.

आम्ही अर्ज दिला. सरकारी तपासणीचे साहेब आले ते पुढच्या शुक्रवारी सकाळी. ते येणार हे शेठला आधीच माहीत होतं. टोपी आऱ्यावर चढलेली. मुनीमानं कापड घेऊन जाळी-धूळ पुसून काढलेली. साहेब वाकून पाहू लागले. शेठ अदबीनं म्हणाला, “पहिल्यापासून बसवलेली आहे साहेब. एक दिवसही काढली नाही. बाईनंच उचलली.” सहा अंगठ्यांचा कागद पुढं आला. साहेबांनी पेन काढलं.

मिस्त्री मोठ्या आऱ्याकडून चालत आले. आधी दोन्ही पंजे उघडून दाखवले. साहेब दचकले.

“साहेब, टोपीवर काय हाय थे पाहा.”

“कुंकू दिसतं.”

“अन् वर?”

“तांदूळ.”

“दसऱ्याचे हायेत. मी लावले. आता मशीन चालू करा.”

शेठ म्हणाला, “मिस्त्री, आपलं काम कर.”

“हेच माह्यं काम हाय शेठजी.”

साहेबांनी मान डोलावली. वस्तादनं स्विच दाबला. आरा फिरायला लागला तशी टोपी थरथरली, आणि पहिली फळी अर्धी आत जायच्या आत तांदळाचे सगळे दाणे टेबलावर नाचत होते. दुसऱ्या फळीला कुंकवावर भुसा बसला. तिसऱ्या फळीनंतर कुंकू कुठं होतं हे सांगावं लागलं असतं. मिस्त्रींनी हात वर करून मशीन थांबवली.

“तीन फळ्या,” ते म्हणाले. “दसऱ्यापासून त्या सोमवारपर्यंत इथं हजारो फळ्या कापल्या. मंग हे कुंकू आज सकाळपर्यंत बसून कसं राह्यलं, साहेब? टोपी खिळ्यावर होती. म्हणून राह्यलं.”

साहेब मुनीमाकडं वळले. मुनीमाचा चेहरा पाहण्यासारखा होता. त्यानं सगळी टोपी पुसली होती, कोपरा न् कोपरा. कुंकू नि तांदूळ तेवढे सोडले होते. दसऱ्याचं कुंकू हत्यारावरून हातानं पुसायचं कसं? ते पुसायला त्याचा हात धजला नाही. बाईच्या नावावर खोटं लिहायला मात्र धजला.

शेठ म्हणाला, “मीठ कोणाचं खातोस, याद ठेव.”

“मीठ तुमचं. बोटं तिची.”

साहेबांनी वस्तादला विचारलं, टोपी कोणी काढली? वस्तादनं आपल्या आठ बोटांकडं पाहिलं. मग म्हणाला, “मी काढली. शेठच्या सांगण्यावरून. बाई टोपीपर्यंत पोचतच नव्हती साहेब, ती मागं बसे. उलटलेली फळी तिनं हातावर घेतली अन् फळीसंगं हात उघड्या आऱ्यात गेला.” आणि कागदावरच्या आपल्या अंगठ्यावर बोट ठेवून, “हा माह्या मनानं नाई देल्ला.”

ज्यानं त्यांना आयुष्यभर कच्चे म्हणून चिडवलं, त्या माणसाकडून मिस्त्रींनी हे मिळवलं. मला त्यांचा अभिमान वाटतो तो कुंकवाच्या हुशारीसाठी कमी आणि यासाठी जास्त. कारण वस्तादला त्यांनी कधी शत्रू मानलं नाही. शत्रू कोण हे त्यांना नीट ठाऊक होतं.

साहेबांनी लिहिलं. ‘यंत्रावर संरक्षक झाकण नव्हते. कामगार स्त्रीचा दोष आढळत नाही.’ नक्कल घेऊन आम्ही वच्छलाबाईकडं गेलो. तिनं मला ते दुसरं वाक्य चार वेळा वाचायला लावलं. पाचव्या वेळी शेजारणींना बोलावलं.

मिस्त्रींना शेठनं त्याच संध्याकाळी काढून टाकलं आणि टोपी पुन्हा खिळ्यावर गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे कामावर आले आणि कोणी स्विचला हात लावीना. शेठ ओरडला, मुनीम ओरडला. मागून पट्ट्या ओढणाऱ्या बाया पदर खोचून टेबलाशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, आधी टोपी. वस्तादनं ती उचलली, आऱ्यावर बसवली, नट पिळले. मग मशीन चालू झाली. मी तिथं नव्हते. माझं पत्रकही नव्हतं. त्यांनी ते आपलं आपण केलं.

मिस्त्री रामाकोन्याला पुतणीच्या नवऱ्याच्या मशीनवर गेले. तिथं त्यांनी नवीनच खटपट केली. स्विचची वायर टोपीच्या बिजागरीतून अशी फिरवली की टोपी काढली तर मशीनला वीजच मिळू नये. “टोपी नाई तर लाइन नाई,” म्हणत. आमच्या सभेत त्यांना बोलायला उभं केलं तेव्हा एवढंच सांगितलं, “कायदा बी खिळ्यावर टांगता येते. म्हनून कायद्यात असं लिवा का टोपी काढली तर मशीनच मरन. मंग शेठले याद करून द्याची गरज नाई.” आणि खाली बसले. आमचे पुढारी त्यानंतर पाऊण तास बोलले. काय बोलले ते मला आठवत नाही.

शनिवारी ते जामसांवळीच्या मारुतीला जायचे. दर्शनाला खरेच, पण रस्त्यात जेवढ्या आरामशीनी लागतील तेवढ्यांत शिरून टोपीचा पुठ्ठ्याचा नमुना देऊन यायचे. “कापून घ्या, फुकट हाय.” कोणी हाकललं तर बाहेरून दोन्ही पंजे दाखवायचे आणि पुढं जायचे. पुष्कळांनी हाकललं. काहींनी टोपी बसवली. त्यांच्यातल्या तीन मशीनी मी स्वतः पाहिल्यात.

गेल्या महिन्यात मी पांढुर्णा स्टेशनपासून सौंसरच्या रस्त्यापर्यंत सगळ्या आरामशीनी फिरले. उघड्या आऱ्यांची गणती इथं देत नाही, तुम्हाला ती वाचून विसरता येईल. मालक सगळीकडं एकच सांगतात: गिऱ्हाइकाला घाई असते.

गिऱ्हाईक म्हणजे तुम्ही. संत्र्याच्या पेट्या तुम्ही मागवता. घराच्या चौकटी, पोराच्या लग्नाचा पलंग, शाळेचे बाक तुम्ही कापून घेता आणि ‘आजच पाहिजे’ म्हणता. तेव्हा तुम्हालाच सांगते. पुढच्या खेपेला लाकूड घेऊन गेलात की आधी आत जा, गोल आऱ्याजवळ उभे राहा आणि वर टोपी आहे का ते डोळ्यांनी पाहा. नुसतं ‘टोपी आहे का’ असं विचारू नका, ती खिळ्यावरही असते. आऱ्यावर आहे का, ते पाहा. नसेल तर लाकूड बैलगाडीवर परत चढवा आणि का चढवताय ते मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगा. शेठ म्हणेल, एका मिनिटाचं तर काम आहे. त्याला म्हणा, मग मागून पट्टी ओढायला तुम्ही बसा. आणि तो टोपी लावेपर्यंत तिथून हलू नका.